तोफ कुणाच्या हाती?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आम्हाला आठवीपासून गणित शिकवलं. वर्षातून एकदा, साधारण महिनाभर, सर दिसायचे नाहीत. परत यायचे तेव्हा रंग रापलेला असायचा आणि पुढचे काही दिवस त्यांच्याशी जरा मोठ्यानं बोलावं लागायचं. सर टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे नागरिकांच्या अर्धवेळ सैन्यात होते, विमानवेधी तोफखान्यात. त्रिकोणमिती सुरू झाली की फळ्यावर हमखास एक विमान यायचं. विमान अमुक उंचीवर आहे, तमुक वेगानं चाललंय; तोफेचा गोळा तिथं पोचेपर्यंत ते कुठं गेलेलं असेल? एकदा मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही शिक्षक की सैनिक?" सर म्हणाले, "पगार शाळेचा घेतो."

संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला तेव्हा हे वाक्य आठवलं. आठवडाभर फळ्यापुढे किंवा कचेरीत उभा राहणारा माणूस रविवारी तोफेपाशी जातो, ही गोष्ट काय आहे? तो तिथं का जातो, आणि राज्यकर्ते त्याच्या हाती तोफ का देतात? आज मी एका अशाच हौशी तोफखान्याची कथा सांगणार आहे. तो आपल्या शेजारचा आहे, श्रीलंकेचा, आणि तिथं पोचायला मला थोडं फिरून जावं लागेल.

सुरुवात आपल्याच शब्दापासून करतो. गोलंदाज म्हटलं की आजच्या मुलांच्या डोळ्यांपुढे क्रिकेट येतं. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी पुण्यात हा शब्द उच्चारला असता तर पानशांचा तोफखाना डोळ्यांपुढे आला असता, कारण पेशव्यांच्या तोफखान्याची सरदारकी पानसे घराण्याकडे होती. नगरला आजही तोफखाना नावाचा भाग आहे. गोलंदाजाचे हे दोन्ही अर्थ जगात एका जागी खरोखर एकत्र आले, ते लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर. 1744 साली केंट परगण्याचा संघ आणि इंग्लंडचा संघ यांच्यातला गाजलेला क्रिकेट सामना त्या मैदानावर झाला. ते मैदान ऑनरेबल आर्टिलरी कंपनीचं. आठव्या हेन्री राजानं 1537 साली तिला सनद दिली. लंडनच्या नागरिकांनी धनुष्य, आडधनुष्य आणि हातबंदूक यांचा सराव करावा, शहराच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी, असा त्या सनदेचा हेतू. व्यापारी, कारागीर, वकील असे लोक आपापलं काम उरकून सरावाला यायचे. आपल्याकडे पेठेपेठेत तालीम असायची, तशी ही शस्त्रांची तालीम म्हणा.

ही कंपनी आजही आहे आणि राजघराण्याच्या खास दिवशी टॉवर ऑफ लंडनवरून 62 तोफांची सलामी तीच देते. पण तिच्या इतिहासातला मला महत्त्वाचा वाटतो तो प्रसंग 1780 चा. त्या जूनमध्ये लंडनमध्ये गॉर्डन दंगे झाले. जमाव बँक ऑफ इंग्लंडवर चालून आला तेव्हा तिच्या रक्षणासाठी उभे राहिलेल्यांत या कंपनीचे लोक होते. शहरानं कृतज्ञता म्हणून त्यांना दोन पितळी तोफा दिल्या. नावात आर्टिलरी असलेल्या संस्थेला खऱ्या अर्थानं मैदानी तोफा मिळाल्या त्या अशा, परक्या शत्रूशी लढून नव्हे, आपल्याच शहरातल्या गरीब, संतापलेल्या जमावापुढे उभं राहून. नागरिकाच्या हाती तोफ दिली की तिचं तोंड कुणाकडे, हा प्रश्न तेव्हापासून त्या तोफेबरोबरच फिरतो आहे.

पुढं 1859 मध्ये फ्रान्सचा तिसरा नेपोलियन चढाई करील या भीतीनं इंग्लंडभर स्वयंसेवक पलटणी उभ्या राहिल्या. किनाऱ्यावरच्या गावांनी तोफखाने उभारले, आणि तिथं एक गोष्ट ध्यानात आली. घोडदळाला घोडा लागतो, घोड्याला पैसा लागतो. तोफखान्याला लागतो तो हिशेब. किनाऱ्यावरची सहा इंची तोफ घ्या. तिचा एक गोळा सुमारे 45 किलोंचा. तो उचलणारे वेगळे, दारूची पिशवी मागून सारणारे वेगळे, नळी वर-खाली करणारा वेगळा, आडवी फिरवणारा वेगळा. आणि या सगळ्यांच्या मागं, उंचावर, जहाजाचं अंतर मोजणारा माणूस बसलेला. जहाज थांबत नाही. आत्ता मोजलेलं अंतर पुढच्या क्षणी खोटं होतं. वारा, दारूचं तापमान, गोळा हवेत असण्याचा वेळ, हे सगळं कोष्टकातून वाचायचं आणि जहाज जिथं असेल तिथं गोळा पाठवायचा. या कामाला बँकेतला कारकून, शाळामास्तर, तारमास्तर, सर्व्हेअर असे लोक फार उपयोगी पडतात. दुसरं असं, की तोफ एकट्यानं चालवता येत नाही. बंदूक घेऊन माणूस एकटा पळू शकतो. तोफेला आठ-दहा माणसं एका लयीत हवीत, आणि ती एकमेकांवर विसंबून हवीत. हे सर आम्हाला सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा.

आता हिंदुस्थानात काय झालं ते पाहू, कारण श्रीलंकेची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

1827 साली 28 सप्टेंबरला मुंबई इलाख्याच्या लष्करात देशी गोलंदाजांची एक तुकडी उभी राहिली. तिच्या इंग्रजी नावातही गोलंदाज हाच शब्द होता. भारतीय तोफखाना आजही तो दिवस आपला स्थापना दिन म्हणून पाळतो. मग 1857 आलं. बंडात देशी गोलंदाजांनी कंपनीच्याच तोफा कंपनीवर किती अचूक चालवल्या, हे इंग्रजांनी पाहिलं. त्यांनी पकडलेल्या शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं, आणि तोफ हिंदी माणसाच्या हातून काढून घेतली. देशी तोफखाने मोडले गेले. उरले ते मुख्यतः खेचरावरून न्यायचे डोंगरी तोफखाने. मुंबईची ती 1827 ची तुकडी त्यांतच टिकली. पायदळात लाखो हिंदी शिपाई होते, पण मैदानी तोफ त्यांच्याकडे नव्हती. हिंदी गोलंदाजांची पहिली मैदानी तुकडी बंगळूरला उभी राहिली ती 15 जानेवारी 1935 रोजी. मधली पाऊणशे वर्षं मोजा. एखाद्या राज्यकर्त्याला प्रजेची किती भीती वाटते याचं माप हवं असेल तर मला याहून नेमकं माप माहीत नाही.

स्वयंसेवक पलटणींचंही तेच. मुंबई, कलकत्ता, मद्रास इथं व्हॉलंटिअर कोअर होत्या, मुंबईत व्हॉलंटिअर तोफखानाही होता. पण त्या गोऱ्यांसाठी आणि अँग्लो-इंडियनांसाठी. हिंदी माणसाला तिथं, तुरळक अपवाद सोडले तर, दार बंद होतं. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन 1885 साली मुंबईला गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात भरलं. पुढच्याच वर्षी, कलकत्त्याच्या अधिवेशनात, दादाभाई नौरोजी अध्यक्ष असताना, काँग्रेसनं ठराव केला की हिंदी लोकांनाही स्वयंसेवक म्हणून भरती होऊ द्यावं. आज हा ठराव फारसा कुणी आठवत नाही. आपण मवाळांच्या अर्जविनंत्यांविषयी बोलतो तेव्हा नोकऱ्या आणि कायदेमंडळ एवढंच आठवतो. पण ती माणसं शस्त्रही मागत होती, कारण शस्त्र हाती देणं म्हणजे नागरिक मानणं हे त्यांना पक्कं माहीत होतं. 1917 मध्ये इंडियन डिफेन्स फोर्स निघाला तेव्हा टिळकांनी पुण्यातल्या तरुणांना त्यात जायला सांगितलं, तेही याच समजुतीतून. इंग्रजी राज्याला विरोध करणाऱ्यानं हे सांगावं, यात मला विसंगती दिसत नाही.

आणि नेमक्या याच काळात समुद्रापलीकडे, सिलोनात, वेगळं घडत होतं. तिथं 1881 मध्ये सिलोन लाइट इन्फन्ट्री व्हॉलंटिअर्स ही पलटण उभी राहिली आणि तिच्यातूनच 1888 मध्ये निघाला सिलोन आर्टिलरी व्हॉलंटिअर्स हा हौशी तोफखाना. सगळा कारभार इंग्रजांच्या हातात, वरचे अंमलदार इंग्रज, पण खाली तोफेपाशी स्थानिक माणसं. सिंहली, तमीळ, मलायी, आणि बर्गर म्हणजे डच-पोर्तुगीज वंशाचे लोक. ज्या वर्षांत मुंबईच्या वकिलाला रायफलही मिळत नव्हती, त्या वर्षांत कोलंबोचा कारकून आठवड्याचं काम संपवून किनाऱ्यावरच्या तोफेवर सराव करत होता. कारण साधं होतं. सिलोनात 1857 झालं नव्हतं, आणि कोलंबो बंदर पूर्वेकडे जाणाऱ्या प्रत्येक बोटीच्या वाटेवर होतं. तिथल्या तोफांना माणसं कमी पडत होती. 1910 मध्ये सगळ्या स्वयंसेवक पलटणी मिळून सिलोन डिफेन्स फोर्स झाला. हा तोफखाना त्याचा भाग, आणि पुढं त्याचं नाव सिलोन गॅरिसन आर्टिलरी.

म्हणजे विश्वास ठेवला गेला होता, पण तो किती उथळ होता हे 1915 मध्ये उघड झालं. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस कँडीत सिंहली-मुस्लिम दंगा पेटला आणि कोलंबोपर्यंत पसरला. हेन्री पेड्रिस नावाचा एका श्रीमंत घरातला तरुण तेव्हा कोलंबो टाउन गार्ड या स्वयंसेवक दलात कॅप्टन होता. स्थानिक माणूस त्या हुद्द्यापर्यंत क्वचितच पोचायचा. त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवून लष्करी न्यायालयानं घाईनं खटला चालवला आणि 7 जुलै 1915 रोजी कोलंबोच्या वेलिकडा तुरुंगात त्याला गोळ्या घातल्या. श्रीलंकेत आजही तो निर्दोष हुतात्मा मानला जातो, आणि मलाही तसंच वाटतं. वेलिकडा हे नाव लक्षात ठेवा. आपल्याला तिथं परत जायचं आहे.

1931 मध्ये सिलोनात सार्वत्रिक मतदान आलं. स्त्रियांना, गरिबांना, सगळ्यांना मत. भारतात ते यायला स्वातंत्र्य आणि राज्यघटना उजाडावी लागली. म्हणजे 1939 मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा सिलोनच्या तोफखान्यातला गोलंदाज हा मतदार होता आणि तोफेवरही होता. फक्त तोफ कुठं रोखायची हे तो ठरवत नव्हता.

युद्ध पेटल्यावर हौशी तोफखाना पूर्णवेळ झाला. नवी भरती झाली. कोलंबो आणि त्रिंकोमालीच्या किनारी तोफा या लोकांकडे आल्या. आणि काहींना बोटीत घालून कोकोस बेटांवर पाठवण्यात आलं.

कोकोस, किंवा कीलिंग बेटं, हिंद महासागराच्या मधोमध आहेत. कोलंबोपासून अडीच-तीन हजार किलोमीटर. 27 प्रवाळ बेटं, मिळून सारी जमीन साधारण 14 चौरस किलोमीटर. नारळ आणि खारा वारा. मग तिथं तोफा कशाला? तिथं तार होती. डायरेक्शन आयलंड या बेटावर समुद्रतळाच्या तारांचं केंद्र होतं. ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया आणि आफ्रिका यांना जोडणारे निरोप तिथून जायचे. पहिल्या महायुद्धात, 9 नोव्हेंबर 1914 रोजी, एमडेन ही जर्मन युद्धनौका ती तार तोडायला आली होती. हीच ती एमडेन, जिनं दीड महिन्यापूर्वी मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या. तारमास्तरानं वेळेवर निरोप सोडला, ऑस्ट्रेलियाची सिडनी ही नौका धावून आली, आणि एमडेन तिथंच प्रवाळात रुतून संपली. म्हणून दुसऱ्या युद्धात हॉर्सबर्ग नावाच्या बेटावर सहा इंची दोन तोफा बसवल्या आणि सिलोन गॅरिसन आर्टिलरीचे पन्नासेक गोलंदाज त्यांच्यापाशी ठेवले. डायरेक्शन आयलंडवर पूर्व आफ्रिकेतल्या किंग्ज आफ्रिकन रायफल्सचे शिपाई होते. तोफखान्याचा प्रमुख होता कॅप्टन जॉर्ज गार्डिनर. युद्धाआधी हा गृहस्थ कोलंबोत अकाउंटंट होता.

यावर मी बराच विचार केला आहे. पिढीजात सैनिकांचा हा तोफखाना नव्हता. प्रमुखही हिशेबनीस, खालचे लोकही कारकुनी-मास्तरकी करू शकणारे, इंग्रजी शिकलेले. एकाच मुलखातून आलेले. कोलंबोत हे एकाच रस्त्यानं कामाला गेले असतील. फक्त गोऱ्यांच्या क्लबचं दार एकाला उघडं आणि दुसऱ्यांना बंद. त्या बेटावर, जिथं पंधरा मिनिटं चाललं की जमीन संपते, तो भेद घेऊन महिनोन् महिने राहायचं होतं. गार्डिनर आणि त्याचे गोलंदाज यांच्यात अढी होती, असं त्या प्रकरणाविषयी लिहिणारे सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही.

त्या गोलंदाजांत बॉम्बार्डियर या हुद्द्यावरचा ग्रेशियन फर्नांडो होता. वय सत्तावीस. फर्नांडो, डी सिल्वा ही आडनावं ऐकली की आपल्याला वसई आठवते, गोवा आठवतो. आठवण खरी आहे, कारण सिलोनचा किनाराही पोर्तुगीजांनीच बाप्तिस्मा दिलेला. हा फर्नांडो डाव्या विचारांचा, लंका समसमाज पक्षाकडे ओढा असलेला. हा पक्ष 1935 मध्ये स्थापन झाला होता, साम्राज्याच्या युद्धाला त्याचा विरोध होता, आणि त्याचे पुढारी 1940 पासून तुरुंगात होते. एप्रिल 1942 मध्ये ते कँडीच्या तुरुंगातून निसटले आणि पुढं समुद्र ओलांडून भारतात आले. त्यांतले एन. एम. परेरा आणि फिलिप गुणवर्धने 1943 मध्ये पकडले गेले ते आपल्या मुंबईत.

1942 चे ते महिने आठवा. 15 फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. कोकोसचा कारभार सिंगापूरहून चालायचा, तो आता कोलंबोकडे आला. मार्चमध्ये हिंद महासागरातल्याच ख्रिसमस आयलंडवर हिंदी गोलंदाजांनी आपल्या इंग्रज कॅप्टनला आणि त्याच्या चार इंग्रज साथीदारांना ठार केलं, आणि महिनाअखेर जपानी तिथं उतरले. 5 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला. 9 तारखेला त्रिंकोमालीवर. हर्मिस ही ब्रिटिश विमानवाहू नौका बट्टिकलोआजवळ बुडाली. ज्या साम्राज्याच्या ताकदीवर सगळ्या नेमणुका, सगळे क्लब, सगळे हुद्दे उभे होते, ते डोळ्यांदेखत ढासळत होतं, आणि हे गोलंदाज एका प्रवाळाच्या कड्यावर बसून ते रेडिओवर ऐकत होते.

8 मेच्या रात्री फर्नांडो आणि त्याचे साथीदार उठले. बेत असा होता की गार्डिनर आणि त्याचा दुय्यम लेफ्टनंट स्टीफन्स यांना पकडायचं, जे साथ देणार नाहीत त्यांना निःशस्त्र करायचं, मग तोफा डायरेक्शन आयलंडवरच्या शिपायांकडे वळवायच्या आणि जपान्यांना खूण करून बेटं त्यांच्या हवाली करायची. बेत लवकरच फसला. झटापटीत सॅम्युएल जयसेकर हा गोलंदाज मेला आणि स्टीफन्स जखमी झाला. फर्नांडोच्या हातातली ब्रेन गन ऐन वेळी अडकली, असं सांगतात. ज्यांना साथ द्यायची नव्हती त्यांनी प्रतिकार केला आणि पहाटेपर्यंत सगळं थंडावलं.

जयसेकराचं नाव मी मुद्दाम घेतलं. बंडात गेलेला एकमेव जीव एका सिलोनी गोलंदाजाचा होता. मघाशी म्हटलं की तोफेला आठ-दहा माणसं एकमेकांवर विसंबून हवीत. त्या रात्री ती माणसं अंधारात एकमेकांवर बंदुका रोखून उभी होती, आणि त्यातल्या कुणाचंही राज्य नव्हतं. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

लष्करी न्यायालय तातडीनं बसलं. कैद्यांना कोलंबोला आणलं. काहींना तुरुंगवास झाला, काहींची देहान्ताची शिक्षा नंतर कमी झाली. तिघांची झाली नाही. ग्रेशियन फर्नांडोला 5 ऑगस्ट 1942 रोजी फाशी दिलं. त्याच्या साथीदारांपैकी कार्लो गॉडरला 7 ऑगस्टला. बेनी डी सिल्वाला 8 ऑगस्टला. जागा तीच, वेलिकडा तुरुंग. फर्नांडोनं दया मागायला नकार दिला होता. दुसऱ्या महायुद्धात बंडाच्या आरोपावरून देहदंड झालेले ब्रिटिश राष्ट्रकुलातले सैनिक एवढे तिघेच. नोएल क्रुझ यांनी 2001 मध्ये या बंडावर पुस्तक लिहिलं, तोवर ही हकिकत श्रीलंकेतही कुजबुजीपुरतीच उरली होती.

आता कुणी विचारील, ही माणसं देशभक्त की फितूर? मला हा प्रश्न टाळायचा नाही. माझं मत असं आहे की फर्नांडो जपानबद्दल चुकला. त्याच मार्चमध्ये जपान्यांनी आपलं अंदमान घेतलं, आणि तिथल्या साध्या माणसांना पुढच्या तीन वर्षांत काय सोसावं लागलं ते अंदमानात अजून विसरलेले नाहीत. जपानी आले असते तर कोकोसच्या मलायी मजुरांना वेगळं काय मिळालं असतं? शिवाय त्या बेटावर आफ्रिकी शिपाई होते, तेही कुणाच्या तरी साम्राज्याचे ओढून आणलेले. तोफा त्यांच्यावर वळणार होत्या. हे मी झाकून ठेवणार नाही. पण फितूर हा शब्द मी त्याला लावणार नाही. फितूर व्हायला आधी ते घर आपलं असावं लागतं. ज्या सत्तेनं त्याच्या हाती तोफ दिली, तिनं त्याला मतही दिलं, पण अखेरपर्यंत बरोबरीचा माणूस मानलं नाही. स्वयंसेवक हा शब्द त्याच्यापुरता अर्धाच खरा होता. सेवा त्याची होती, स्वयं कुठं होता?

या बंडानंतर इंग्रजांनी सिलोनच्या कुठल्याही लढाऊ पलटणीला लढाईत धाडलं नाही. हिंदुस्थानात 1857 नंतर जे झालं तेच छोट्या प्रमाणावर इथं झालं. पुढं सिलोन स्वतंत्र झालं आणि 10 ऑक्टोबर 1949 रोजी त्याचं स्वतःचं लष्कर उभं राहिलं. आजचा श्रीलंकेचा तोफखाना आपलं मूळ त्या 1888 च्या हौशी तोफखान्याकडे नेतो. सिलोनचं लष्कर उभं राहिलं त्याच्या आदल्याच दिवशी, 9 ऑक्टोबर 1949 रोजी, दिल्लीत राजगोपालाचारींच्या हस्ते आपल्या टेरिटोरियल आर्मीचं उद्घाटन झालं. तिच्यात पायदळाबरोबर तोफखानाही होता. 1886 च्या त्या ठरावाला 63 वर्षांनी उत्तर मिळालं, आणि आमचे सर गणिताचं पुस्तक कपाटात ठेवून दरवर्षी कॅम्पला जाऊ लागले ते त्या उत्तरामुळे. त्यांच्या तोफेचं तोंड कुठं असावं हे ज्या सरकारनं ठरवायचं, ते सरकार त्यांनी मत देऊन बसवलेलं होतं. पगार शाळेचा घेतो, असं ते निर्धास्तपणे म्हणू शकत होते.

दोन तारखा मघाशी घाईत सांगून पुढं गेलो. त्यांच्याकडे परत येतो. 7 आणि 8 ऑगस्ट 1942. गॉडरला फाशी दिलं त्या दिवशी मुंबईत गोवालिया टँकवर अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक सुरू झाली. तीच जागा, जिच्या शेजारी 1885 मध्ये पहिली काँग्रेस जमली होती. बेनी डी सिल्वाला फाशी दिलं त्या दिवशी तिथं 'भारत छोडो'चा ठराव मंजूर झाला आणि रात्री गांधीजी बोलायला उभे राहिले. वेलिकड्यातली बातमी त्या मैदानात कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण त्या भाषणात गांधीजी सैनिकांशीही बोलले. त्यांनी सैनिकांना ठाणं सोडायला सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं, की सरकारला मोकळेपणानं कळवा: आमचं मन काँग्रेसबरोबर आहे, तुमचा पगार घेतो तोवर तुमचे न्याय्य हुकूम पाळू, पण आमच्या माणसांवर गोळी झाडणार नाही.